अमेरिकेत नोकरी बदलताना: रेफरन्स, मागचा पगार आणि सुटीच्या दिवशीचं वागणं

प्रश्न थोडक्यात असा आहे. राहणं न्यू जर्सीत, एडिसनला. कंपनीचं ऑफिस मॅनहॅटनमध्ये, आठवड्यातून दोन दिवस जायचं आणि बाकी दिवस घरून काम. व्हिसा एच-वन-बी. नवी ऑफर कॅलिफोर्नियातल्या कंपनीची, तिकडे बिऱ्हाड हलवावं लागणार. जुनी कंपनी रेफरन्स देताना, म्हणजे नव्या कंपनीने माझ्याबद्दल विचारल्यावर, वाकडं बोलू शकते का? रिलिव्हिंग लेटर (नोकरीतून मुक्त केल्याचं पत्र) मागितलं तर एचआरला ते काय हेच कळेना, मग आता काय? मागचा पगार विचारला तर सांगायचा का? आणि मंडळाचं काम, फेसबुकवरचं राजकारण, शनिवार-रविवारी लिहिलेलं अ‍ॅप, यावरून कंपनी कामावरून काढू शकते का?

आधी पाया पक्का करू. माँटाना सोडून सगळ्या राज्यांत नोकरी ‘अ‍ॅट-विल’ असते. म्हणजे मालक कधीही, कारण न देता काढू शकतो आणि तुम्हीही कधीही सोडू शकता. कायद्याने बांधलेला नोटीस पिरियड नाही, दोन आठवड्यांची नोटीस हा केवळ रिवाज. या मोकळ्या मैदानात संघराज्याने आणि प्रत्येक राज्याने काही ठरावीक जागी कुंपणं घातली आहेत. त्यामुळे ‘हे अन्याय्य आहे का’ या प्रश्नाने हाती काही लागत नाही. ‘माझ्या राज्यात नेमक्या या गोष्टीला कुंपण आहे का’ असं विचारावं लागतं.

आणि ‘माझं राज्य’ कोणतं? ढोबळ नियम असा की तुम्ही ज्या राज्यात बसून काम करता, त्या राज्याचा कायदा. कंपनीची नोंदणी डेलावेअरला आहे की टेक्सासला, याने सहसा फरक पडत नाही. तुमच्यासारखं दोन राज्यांत पाय असेल तर गुंता होतो. न्यूयॉर्कच्या भेदभावविरोधी कायद्याचा आधार बाहेरच्या रहिवाशाला घ्यायचा असेल, तर नुकसानीची झळ न्यूयॉर्कमध्ये बसली असं दाखवावं लागतं. तिथल्या सर्वोच्च अपील कोर्टाने २०१० मध्ये ही कसोटी घालून दिली आणि मार्च २०२४ मध्ये ती जरा सैल केली: न्यूयॉर्कमधल्या जागेसाठी अर्ज केलेल्या, पण राज्याबाहेर राहणाऱ्या उमेदवारालाही आता दाद मागता येते. म्हणून कुठल्या दिवशी कुठे बसून काम केलं याची नोंद ठेवा. बॅज स्वाइप, एनजे ट्रान्झिटचे पास, कॅलेंडर, काहीही चालेल.

आता रेफरन्स. बहुतेक मोठ्या कंपन्यांचं एचआर फक्त रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि शेवटचं पद सांगतं. हा कायदा आहे असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. तसा कायदा कुठल्याच राज्यात नाही. कंपन्या कमी बोलतात त्या दाव्याच्या धास्तीने. उलट बहुतेक राज्यांचा कायदा मालकाला झुकतं माप देतो: विचारल्यावर, चांगल्या हेतूने, खरं समजून दिलेली माहिती सुरक्षित. तुम्हाला सिद्ध करावं लागतं की सांगितलेलं खोटं होतं, आणि सांगणाऱ्याला ते खोटं असल्याचं ठाऊक होतं किंवा त्याने खऱ्याखोट्याची फिकीरच केली नाही. टेक्सासने तर हे संरक्षण लेबर कोडच्या १०३व्या प्रकरणात लिहूनच ठेवलं आहे. कॅलिफोर्नियाच्या सिव्हिल कोडचं कलम ४७(सी) ‘आम्ही याला परत घेऊ की नाही’ एवढं सांगायलाही मुभा देतं. फॉर्मवरच्या ‘पुन्हा नेमणुकीस पात्र: नाही’ या एका चौकोनाने जेवढं नुकसान होतं तेवढं शिव्यांनी होत नाही. तो चौकोन बहुतांशी कायदेशीरच असतो.

पण कुंपणं आहेत आणि ती कामाची आहेत. कॅलिफोर्निया लेबर कोडचं कलम १०५०: माजी कर्मचाऱ्याला नोकरी मिळू नये म्हणून खोटं सांगणं किंवा चुकीचं चित्र उभं करणं हा गुन्हा आहे, आणि कलम १०५४ खाली तिप्पट भरपाई मागता येते. न्यू जर्सीत २००५ च्या एका अपिलातला निकाल तुम्हाला जास्त जवळचा. जुन्या कंपनीने नव्या मालकाला फोनवर एका बाईंचं पद प्रत्यक्षातल्यापेक्षा खालचं सांगितलं आणि नवी नोकरी गेली. कोर्टाने मान्य केलं की मुद्दाम खोटं नसलं, नुसता निष्काळजीपणा असला, तरी दावा चालू शकतो. अट अशी की विचारणाऱ्याने आपण कोण आणि कशासाठी विचारतोय हे स्पष्ट केलेलं असावं, कंपनीने आपणहून उत्तर दिलेलं असावं, त्या उत्तरावर विसंबून तुमच्यावर कारवाई झालेली असावी आणि नुकसान आकड्यात दाखवता यावं. संघराज्याच्या पातळीवर १९९७ चा रॉबिन्सन विरुद्ध शेल ऑइल हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे: तुम्ही भेदभावाची तक्रार केली आणि तिचा सूड म्हणून वाईट रेफरन्स दिला, तर नोकरी संपलेली असली तरी कायद्याचं संरक्षण सुटत नाही.

उलट बाजूही बघा, कारण आपल्यातले बरेच जण आता मॅनेजर आहेत आणि कुणाचं तरी शिफारसपत्र लिहीत असतात. कॅलिफोर्नियात १९९७ मध्ये एका शाळा जिल्ह्याचं प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. शिक्षकाविरुद्ध विद्यार्थिनींशी गैरवर्तनाच्या तक्रारी असल्याचं ठाऊक असून गुणगान करणारी पत्रं दिली गेली होती. पुढच्या शाळेत मुलीला त्रास झाला, आणि कोर्टाने ठरवलं की अशी दिशाभूल करणारी स्तुती लिहिणाऱ्यावर जबाबदारी येऊ शकते. गप्प राहणं एक वेळ चालतं, अर्धंच सत्य साखरेत घोळून देणं चालत नाही. पत्र द्यायचं नसेल तर ‘तारखा एचआरकडून घ्या’ म्हणा.

रेफरन्स गढूळ होतोय अशी शंका असेल तर मित्राला ‘रिक्रूटर’ बनवून फोन करायला लावू नका. रेफरन्स तपासून लेखी अहवाल देणाऱ्या सेवा मिळतात, त्या वापरा. संभाषण रेकॉर्ड करायचं डोक्यात असेल तर कॅलिफोर्नियात सगळ्यांची संमती लागते आणि चोरून रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती पुरते. दोन राज्यांमधला फोन असेल तर कडक नियम लागू आहे असंच धरून चाला.

सगळ्यात चांगला रेफरन्स सोडण्याआधी लिहून घेता येतो. कंपनी जाताना पैसे देऊन दावा न करण्याची सही मागत असेल, म्हणजे सेव्हरन्स, तर त्या करारात एक वाक्य घालायला सांगा: चौकशी फक्त एचआरकडे जाईल, तारखा आणि शेवटचं पद एवढंच सांगितलं जाईल, सोडण्याचं कारण सांगितलं जाणार नाही. हे वाक्य बहुतेक कंपन्या खळखळ न करता घालतात. ते कुठे फसतं? करार कंपनीला बांधतो, आणि नवा मालक लिंक्डइनवरून तुमच्या जुन्या मॅनेजरचा मोबाइल शोधून थेट त्यालाच विचारतो. म्हणून त्या मॅनेजरचं नाव करारात घालून त्याला तशी लेखी सूचना देण्याचं कलमही घ्या. वय ४० किंवा पुढे असेल तर वयाविषयीचा हक्क सोडण्याच्या सहीसाठी किमान २१ दिवस विचाराला मिळतात, सामूहिक कपात असेल तर ४५, आणि सही केल्यावर ७ दिवस फिरवायला. शुक्रवारी दुपारी कागद पुढे करून सोमवारपर्यंत सही मागितली तरी घाबरू नका.

रिलिव्हिंग लेटरबद्दल. पुण्या-मुंबईत त्या कागदाशिवाय पुढची कंपनी आत घेत नाही, इथे एचआरला तो शब्दच नवा असतो. काही राज्यांत मात्र त्याच्या जवळ जाणारा हक्क आहे, आणि तो तिथल्या अमेरिकन लोकांनाही फारसा ठाऊक नसतो. मिसुरीत सात किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीत किमान ९० दिवस काम केलं असेल, तर सोडल्यापासून एका वर्षाच्या आत सर्टिफाइड मेलने, हा हक्क देणाऱ्या कलमाचा उल्लेख करून पत्र मागता येतं. कंपनीने ४५ दिवसांत कामाचं स्वरूप, कालावधी आणि काढण्याचं किंवा सोडण्याचं खरं कारण लिहून द्यायचं असतं. नुसता ईमेल केला किंवा कलमाचा उल्लेख राहिला तर कंपनी खुशाल दुर्लक्ष करते. मिनेसोटात काढून टाकलेल्याने १५ कामाच्या दिवसांत लेखी मागणी केली की मालकाला १० कामाच्या दिवसांत खरं कारण द्यावं लागतं. त्या निवेदनावरून बदनामीचा दावा मात्र करता येत नाही. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये असा सर्वसाधारण हक्क नाही.

आणि तुम्हाला खरी गरज रिलिव्हिंग लेटरची नाहीच. गरज आहे ती एक्सपिरियन्स लेटरची, ग्रीन कार्डासाठी. पर्म आणि आय-१४० मध्ये, म्हणजे मालकामार्फत ग्रीन कार्डाच्या पहिल्या दोन टप्प्यांत, आधीचा अनुभव दाखवायला माजी मालकाचं पत्र लागतं, त्यात सही करणाऱ्याचं नाव, पद, पत्ता आणि तुमच्या कामाचं नेमकं वर्णन हवं. तारखांपुरतं पत्र वकील परत पाठवतात. शिवाय जी कंपनी ग्रीन कार्ड करते तिच्याकडे मिळवलेला अनुभव सहसा धरला जात नाही, म्हणजे आजच्या कंपनीतली वर्षं उद्याच्या कंपनीसाठी सोन्यासारखी, पण कागदावर असली तर. म्हणून राजीनाम्याआधी मसुदा स्वतः तयार करा: लेटरहेड, पूर्णवेळ काम, सुरुवात-शेवट, पद, प्रत्येक जबाबदारी वेगळ्या वाक्यात, वापरलेली तंत्रज्ञानं नावानिशी आणि कोणतं कधीपासून. एचआर तयार नसेल तर त्याच काळात बरोबर काम केलेल्या सिनियरचं नोटराइज्ड प्रतिज्ञापत्र आणि त्याला जोड म्हणून ऑफर लेटर, पे-स्टब (पगाराची पावती), डब्ल्यू-२ (मालक देतो तो वर्षाच्या पगाराचा आणि कराचा फॉर्म). भारतातल्या नोकरीसाठी फॉर्म १६ आणि नेमणुकीचं पत्र. मालकाचं पत्र मिळत नाही हे दाखवणारा, एचआरच्या नकाराचा ईमेलही जपून ठेवा, तोही पुरावा असतो. सहकाऱ्यांचे वैयक्तिक ईमेल आजच घेऊन ठेवा, कारण पाच वर्षांनी ते कुठल्या कंपनीत असतील याचा नेम नसतो.

मागचा पगार. मॅसॅच्युसेट्सने २०१६ मध्ये पगार विचारण्यावर बंदी घालणारा कायदा सर्वांत आधी केला, तो २०१८ च्या जुलैत लागू झाला. कॅलिफोर्नियात ही बंदी १ जानेवारी २०१८ पासून, न्यू जर्सीत १ जानेवारी २०२० पासून, न्यूयॉर्क राज्यात ६ जानेवारी २०२० पासून आहे. मिशिगन आणि विस्कॉन्सिनने मात्र उलट दिशेने जाऊन शहरांना असे नियम करायलाच मनाई केली आहे. तुमची नवी कंपनी कॅलिफोर्नियाची, तर तिथल्या लेबर कोडचं कलम ४३२.३ लागू: तोंडी, लेखी, स्वतः किंवा एजंटमार्फत मागचा पगार विचारायचा नाही. ‘एजंटमार्फत’ हा शब्द अधोरेखित करा, कारण व्हेंडर (माणसं पुरवणाऱ्या मधल्या कंपन्या) आणि रिक्रूटर ‘आम्ही कंपनी थोडीच आहोत’ म्हणून विचारतात. अपेक्षा किती, हे विचारता येतं. तुम्ही मागितल्यावर त्यांना त्या जागेची पगाराची पट्टी सांगावी लागते, आणि १५ किंवा अधिक कर्मचारी असतील तर जाहिरातीतच छापावी लागते. मात्र तुम्ही आपणहून, कुणी न विचारता आकडा बोलून गेलात तर तो पगार ठरवताना धरता येतो. इथेच माणसं अडकतात. रिक्रूटर गप्पांच्या ओघात ‘तिकडे बरं चाललंय ना’ म्हणतो आणि आपण आकडा सांगून मोकळे होतो. एक वाक्य तोंडपाठ करा: ‘या जागेची रेंज सांगा, माझी अपेक्षा त्यावर सांगतो.’

एच-वन-बीवाल्यांची खरी गोची पुढे आहे. ट्रान्स्फरच्या, म्हणजे एच-वन-बी नव्या कंपनीकडे नेण्याच्या, अर्जात तुम्ही व्हिसाचे नियम पाळत होता हे दाखवायला अलीकडचे पे-स्टब लागतात, आणि पे-स्टबवर पगार असतोच. उपाय क्रमाचा आहे. आधी पगाराचा आकडा असलेलं ऑफर लेटर हातात घ्या, त्यावर सही होऊ द्या, आणि मग पे-स्टब थेट इमिग्रेशन वकिलाकडे पाठवा, रिक्रूटरकडे नको. न्यू जर्सीचा कायदा तर हेच सांगतो: एकूण मोबदल्यासह ऑफर दिल्यानंतरच मालक तुमच्या लेखी संमतीने मागचा पगार पडताळू शकतो.

दुसरी गळती ‘द वर्क नंबर’ नावाच्या इक्विफॅक्सच्या डेटाबेसमधून होते. अनेक कंपन्यांचा पे-रोल तिथे आपोआप जातो, काहींचा प्रत्येक पगाराच्या आकड्यासकट. तुमचा स्वतःचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो आणि नोंदी गोठवताही येतात. नोकरी शोधायला लागण्यापूर्वी अहवाल मागवा. तारीख चुकली असेल तर वाद नोंदवा. गोठवलंत तर घराच्या कर्जाच्या वेळी आठवणीने उघडा, नाहीतर बँकेचं व्हेरिफिकेशन अडून बसतं.

बॅकग्राउंड चेकमध्ये आपल्या लोकांचं जे सर्वाधिक चुकतं ते गुन्ह्याच्या नोंदीमुळे नाही, नावांमुळे. तुम्ही बसता एका बँकेत, मध्ये दोन व्हेंडर, आणि डब्ल्यू-२ येतो तिसऱ्याच कन्सल्टन्सीचा. रेझ्युमेवर ठळक अक्षरात बँकेचं नाव. तपासणारा बँकेला विचारतो, बँक म्हणते असा कुणी कर्मचारी नाही, आणि अहवालात ‘पडताळणी झाली नाही’ असा लाल शिक्का. अर्जाच्या फॉर्ममध्ये मालक म्हणून डब्ल्यू-२ वर असलेलं कायदेशीर नावच लिहा, क्लायंटचं नाव कामाच्या वर्णनात. तारखा महिन्यापर्यंत पे-स्टबशी जुळवा.

तपासणीचा संघराज्याचा कायदा सगळीकडे सारखा आहे. संमतीचा कागद स्वतंत्र असला पाहिजे, त्यात दुसरं काही घुसडायचं नाही. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातून आलेल्या एका खटल्यात नवव्या सर्किट कोर्टाने (संघराज्याच्या अपील कोर्टाने) त्याच कागदावर जबाबदारीतून मुक्ततेचं वाक्य घालणं हे जाणूनबुजून केलेलं उल्लंघन ठरवलं. अहवालावरून नाकारायचं ठरलं तर आधी अहवालाची प्रत आणि हक्कांचा गोषवारा द्यायचा, उत्तराला वाजवी वेळ द्यायचा, मगच अंतिम निर्णय. कॅलिफोर्नियात पाच किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाने अटीसह ऑफर दिल्याशिवाय गुन्ह्याची नोंद विचारायचीच नाही, आणि नाकारण्यापूर्वी उत्तराला किमान पाच कामाचे दिवस द्यायचे. हवाईने १९९८ मध्ये सुरू केलेली ही पद्धत आता बऱ्याच राज्यांत आहे. नोंद नसलेल्यांना याचा थेट उपयोग कमी, पण नावसाधर्म्याने दुसऱ्याची नोंद तुमच्या नावावर चिकटते तेव्हा हेच पाच दिवस वाचवतात. पाटील, जोशी, कुलकर्णी या आडनावांना हे जरा जास्तच लागू आहे.

बिऱ्हाड हलवणार आहात म्हणून कॅलिफोर्नियाचं आणखी एक कलम, ९७०. कामाचं स्वरूप, ते किती काळ टिकेल, पगार किती, याबद्दल जाणूनबुजून खोटं सांगून कुणाला दुसऱ्या ठिकाणाहून कॅलिफोर्नियात आणलं, तर कलम ९७२ खाली दुप्पट भरपाई. तोंडी आश्वासनं फोन ठेवल्यावर लगेच ईमेलने लिहून पाठवा: ‘आज बोललो त्याप्रमाणे टीम अमुक, प्रोजेक्ट किमान तमुक महिने, बरोबर ना?’ आणि पार्श्वभूमी तपासून झाल्याशिवाय, ट्रान्स्फरचा अर्ज दाखल झाल्याशिवाय राजीनामा देऊ नका. नोकरी संपल्यावर एच-वन-बीला जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत असते, रेफरन्सच्या घोळात ती झपाट्याने संपते.

नेमणुकीच्या वेळी काय विचारायचं नाही, यात आपल्याशी जोडलेली एक गोष्ट सांगायलाच हवी. सिअ‍ॅटलने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला शहराच्या कायद्यात स्पष्ट बंदी घातली, ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत मूळच्या पुण्याच्या. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसंच विधेयक मंजूर केलं, पण गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये ते परत पाठवलं, कारण त्यांच्या मते आधीच्या कायद्यातल्या वर्गांत हा भेदभाव येतोच. म्हणजे मुलाखतीत आडनाव, गाव, ‘तुम्ही नॉनव्हेज खाता का’ अशी चाचपणी करणारा देशी मॅनेजर स्वतःच्या कंपनीला खटल्याच्या तोंडी देतो. वर्क ऑथरायझेशन (कामाची परवानगी) आहे का, पुढे स्पॉन्सरशिप (कंपनीने व्हिसासाठी अर्ज करणं) लागेल का, हे दोन प्रश्न मात्र विचारता येतात.

आता सुटीचा दिवस. ‘इथे बोलण्याचं स्वातंत्र्य आहे’ हे सरकारविरुद्ध आहे, खासगी मालकाविरुद्ध नाही. कनेक्टिकटसारखं एखादंच राज्य ते खासगी नोकरीपर्यंत नेतं. बाकी राज्याराज्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

न्यूयॉर्क लेबर लॉचं कलम २०१-डी, १९९२ चं, चार गोष्टी वाचवतं: कामाच्या वेळेबाहेर, कंपनीच्या जागेबाहेर आणि कंपनीचं साहित्य न वापरता केलेलं राजकीय काम, कायदेशीर वस्तूंचं सेवन, कायदेशीर करमणूक, आणि युनियनचं सभासदत्व. ऐकायला ऐसपैस, पण व्याख्या अरुंद आहेत. राजकीय काम म्हणजे निवडणूक लढवणं, उमेदवाराचा प्रचार, उमेदवार वा पक्षासाठी निधी जमवणं. फेसबुकवरचं भांडण त्यात बसेलच असं नाही. करमणूक म्हणजे खेळ, छंद, व्यायाम, वाचन, टीव्ही-सिनेमा असं काही, ज्याचा मोबदला मिळत नाही. १९९५ मध्ये वॉलमार्टने दोन कर्मचाऱ्यांना परस्परांबरोबर फिरण्यावरून काढलं तेव्हा अपील कोर्टाने सांगितलं की प्रेमप्रकरण ‘करमणुकी’त येत नाही. तर मंडळाचं फुकट काम, गणपतीचं ढोलपथक, नाटकाच्या तालमी हे न्यूयॉर्कमध्ये सुरक्षित. त्याच ढोलवादनाचं मानधन घेतलंत की कलमाचं छत्र गेलं, आणि एच-वन-बीवर असाल तर व्हिसाचाही भंग झाला. दुसरा भाग पहिल्यापेक्षा कितीतरी महाग पडतो.

न्यू जर्सीत एवढंही नाही. तिथे तंबाखू ओढण्यावरून आणि २०२१ पासून गांजावरून संरक्षण आहे, करमणुकीचं सर्वसाधारण कलम नाही. उरतो तो १९८० च्या पिअर्स निकालाचा आधार, स्पष्ट सार्वजनिक धोरणाविरुद्ध काढलं तर दावा, आणि तो सिद्ध करणं कठीण. तुमच्या दोन राज्यांच्या नोंदीचं महत्त्व इथे कळेल.

कॅलिफोर्नियाबद्दल गैरसमज फार. कलम ९६(के) मध्ये कामाबाहेरच्या कायदेशीर वागण्याचा उल्लेख आहे आणि इंटरनेटवर ते ‘सगळं माफ’ म्हणून फिरतं. २००३ मध्ये अपील कोर्टाने स्पष्ट केलं की या कलमाने नवा हक्क मिळत नाही. हाताखालच्या बाईंशी संबंध ठेवणारा मॅनेजर त्या खटल्यात हरला. राजकारणाबाबत मात्र कलमं ११०१ आणि ११०२ भक्कम आहेत: कर्मचाऱ्याच्या राजकीय कामावर नियंत्रण आणणारं धोरण ठेवायचं नाही, नोकरीची धमकी द्यायची नाही. सर्वांत मोकळा कायदा कोलोरॅडोचा, जागेबाहेरचं कुठलंही कायदेशीर कृत्य, हितसंबंधांचा संघर्ष आणि नोकरीची खरी गरज एवढे अपवाद. पण तिथेही २०१५ मध्ये डिश नेटवर्कच्या खटल्यात, वैद्यकीय गरज म्हणून घरी गांजा घेणाऱ्या अपंग कर्मचाऱ्याची नोकरी गेली ती गेलीच. ‘कायदेशीर’ म्हणजे संघराज्याच्या कायद्यानेही कायदेशीर, असं कोर्टाने ठरवलं.

गांज्याचं वेगळं सांगतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून नशा न देणाऱ्या अवशेषांच्या चाचणीवरून नाकारता येत नाही, बांधकाम व्यवसाय वगळून. वॉशिंग्टनमध्ये त्याच तारखेपासून संरक्षण आहे, पण फक्त नेमणुकीच्या टप्प्यावर. नागरिकांसाठी हे ठीक. तुमच्यासाठी नाही. इमिग्रेशन अधिकारी संघराज्याचा कायदा बघतो. राज्यात मान्य असलेल्या गांज्याची कबुलीही प्रवेश नाकारायला आणि नागरिकत्वाच्या अर्जात चांगल्या चारित्र्याच्या अटीत आडवी येऊ शकते. सहलीतला दुकानासमोरचा फोटोसुद्धा टाकू नका.

सोशल मीडियाचा पासवर्ड मागणं मेरीलँडने २०१२ मध्ये सर्वांत आधी बंद केलं. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात २०१३ पासून, न्यूयॉर्कमध्ये १२ मार्च २०२४ पासून बंदी आहे. सार्वजनिक पोस्ट वाचायला मात्र कुणाला अडवता येत नाही. पगार किंवा कामाच्या परिस्थितीबद्दल सहकाऱ्यांशी मिळून केलेली चर्चा संघराज्याच्या कामगार कायद्यात सुरक्षित आहे, ऑनलाइन असली तरी. मॅनेजर असाल तर हे संरक्षण नाही.

शनिवार-रविवारच्या अ‍ॅपचं उत्तर दोन भागांत. मालकी कुणाची: कॅलिफोर्नियाचं कलम २८७०, वॉशिंग्टन, इलिनॉय, मिनेसोटा, न्यू जर्सीत २०१८ पासून आणि न्यूयॉर्कमध्ये २०२३ पासून असलेले कायदे सांगतात की स्वतःच्या वेळेत, कंपनीचं साहित्य आणि गोपनीय माहिती न वापरता, कंपनीच्या धंद्याशी किंवा संशोधनाशी संबंध नसलेलं जे केलं, ते करारात काहीही लिहिलं असलं तरी तुमचं. कंपनीच्या लॅपटॉपवर एकदा जरी कंपाइल केलंत, कंपनीच्या गिटहब खात्यातून एक कमिट गेली, की वाद सुरू. मशीन वेगळं, खातं वेगळं, घरचं वाय-फाय. दुसरा भाग, कंपनी जोडधंद्याला मनाई करू शकते का: बहुधा हो, मालकीचा कायदा नोकरी वाचवत नाही. आणि एच-वन-बीवर अ‍ॅपमधून कमाई सुरू करण्याआधी वकिलाला विचारा.

जुन्या कंपनीने नॉन-कंपीट (स्पर्धक कंपनीत न जाण्याची अट) दाखवली तर: कॅलिफोर्नियात ती रद्दबातल, कुठेही सही केलेली असो, २०२४ पासून तसं स्पष्ट लिहिलंय. पण न्यूयॉर्कचं कोर्ट कॅलिफोर्नियाचं ऐकेलच असं नाही, म्हणून ते पत्र कचऱ्यात टाकू नका. कन्सल्टन्सीने ‘बाँड’ म्हणून १०-१५ हजार डॉलर मागितले तर संघराज्याचा नियम सांगतो की लवकर सोडल्याबद्दल दंड घ्यायचा नाही. आधी ठरवलेली खरी नुकसानभरपाई घेता येते, आणि दंड कुठे संपतो व भरपाई कुठे सुरू होते हे राज्याचा कायदा ठरवतो. एच-वन-बी अर्जाची फी आणि त्या अर्जाच्या वकिलाचा खर्च तर मालकाचाच, तो तुमच्याकडून वसूल करता येत नाही. तक्रार डब्ल्यूएच-४ फॉर्मवर, संघराज्याच्या वेज अँड अवर विभागाकडे, १२ महिन्यांच्या आत.

मुदती पाठ ठेवण्यासारख्या आहेत, कारण चांगल्यातले चांगले दावे इथेच मरतात. रेफरन्समधल्या बदनामीचा दावा न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया आणि टेक्सास, चारही ठिकाणी एका वर्षात. भेदभावाची तक्रार संघराज्याकडे १८० दिवसांत, राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तर ३०० दिवसांत. न्यू जर्सीच्या विभागाकडे १८० दिवस, थेट कोर्टात दोन वर्षं. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात राज्याकडे तीन वर्षं. वकिलाकडे जाताना ऑफर लेटर, कर्मचारी नियमावली, सही केलेले सगळे करार, शेवटचे सहा पे-स्टब, आय-७९७ (व्हिसा अर्ज मंजूर झाल्याची नोटीस) आणि तारखांची एक पानी यादी घेऊन जा. हे कागद कंपनीच्या ईमेलमध्ये असतील तर राजीनाम्याच्या आधी प्रिंट काढा, पण फक्त स्वतःचे कागद. कंपनीच्या फायली स्वतःकडे पाठवल्यात की रेफरन्सचा प्रश्न बाजूला राहतो आणि तुमच्यावरच गोपनीय माहिती नेल्याचा दावा उभा राहतो.